दोन आयआरएफ५१० गेल्यानंतर : ४० मीटरच्या अ‍ॅम्प्लिफायरचं संरक्षण कुठवर आलंय

जूनमधल्या एका वादळी संध्याकाळी माडाला बांधलेली माझ्या हौशी (हॅम) रेडिओच्या इन्व्हर्टेड-व्ही, म्हणजे उलट्या व्ही आकाराच्या अँटेनाची एक तार तुटली आणि गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन पडली. मी तेव्हा बोलत होतो, पीटीटी (बोलताना दाबून धरायचं प्रक्षेपणाचं बटण) दाबलेलंच होतं. वाक्य संपेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरमधले दोन्ही आयआरएफ५१० (पॉवर वाढवणारे मॉसफेट ट्रान्झिस्टर) ड्रेन ते सोर्स शॉर्ट झाले होते. २८ व्होल्टच्या लाइनचा फ्यूज उडाला, पण नंतर. फ्यूज सप्लाय आणि वायरिंग वाचवतो, मॉसफेट नाही. हे तोवर मी वाचलेलं होतं, त्या दिवशी पाहिलं.

४० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडचा हा अ‍ॅम्प्लिफायर साधाच आहे : आयआरएफ५१० ची पुश-पुल जोडी (आळीपाळीने चालणारे दोन), पुढे वरच्या नकोशा फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर, ५० ओहमवर सुमारे ४० वॅट, ड्रेन करंट २.६ अँपिअर. मागे घरी बांधलेला ५ वॅटचा एक्सायटर (मूळ सिग्नल देणारा छोटा ट्रान्समीटर) आणि मध्ये ६ डीबीचा पॅड, जो पॉवर चौथाई करतो.

अँटेना जुळत नसली की परतणारी पॉवर मोजायला फिल्टरनंतर टँडेम मॅच कपलर (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पॉवरचा छोटा नमुना वेगवेगळा देणारं सर्किट) बसवला. दोन एफटी५०-४३ टोरॉइड, प्रत्येकी १० वेढे, म्हणजे २० डीबी, पॉवरचा शंभरावा भाग. ४० वॅटला पुढच्या पोर्टवर ०.४ वॅट, म्हणजे ६.३ व्होल्ट शिखर. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळत नाही ते सांगणारं गुणोत्तर, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ३ झाला की चौथाई पॉवर परत येते आणि मागच्या पोर्टवर त्याच्या निम्मं, ३.१६ व्होल्ट मिळतं. शॉट्की डायोडनंतर मला २.९ च्या आसपास दिसलं. आकडे जुळले तेव्हा फार बरं वाटलं.

पहिला प्रयत्न आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर केला. दोन्ही व्होल्टेज वाचायचे, एसडब्ल्यूआर काढायचा, ३ च्या वर गेला की बायस (मॉसफेटच्या गेटला दिलेलं स्थिर व्होल्टेज) बंद करायचं. डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायच्या रेझिस्टरवर) सगळं छान चाललं. मग सप्लाय १३.८ व्होल्टवर आणून लोड मुद्दाम सोडवला आणि स्कोपवर वेळ मोजला : ६० मिलिसेकंद. १६ वाचनांची सरासरी, वर एलसीडीवर अक्षरं लिहिण्यात जाणारा वेळ आणि डिटेक्टरनंतर मीच घातलेला १० किलोओहम-१ मायक्रोफॅरडचा फिल्टर, ज्याचा स्वतःचाच टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद. आकडा डिस्प्लेवर डोळ्यांना स्थिर दिसावा म्हणून केलेली सोय मॉसफेटच्या मुळावर येत होती.

म्हणून दोन्ही कामं वेगळी केली. आर्डुइनो आता फक्त आकडे दाखवतो. ट्रिप करतो एलएम३९३, दोन व्होल्टेजची तुलना करणारा कंपॅरेटर. फिल्टर १ किलोओहम-१० नॅनोफॅरड केला आणि कंपॅरेटरच्या पुढे सीडी४०१३ चा लॅच (एकदा ट्रिप झाला की तसाच अडकून राहणारा) टाकला, म्हणजे हाताने रीसेट केल्याशिवाय पुन्हा टीएक्स (प्रक्षेपण) होत नाही. लॅच ट्रिप झाला की २एन७००० हा छोटा मॉसफेट बायस लाइन जमिनीला ओढतो. नुसता बायसचा सप्लाय तोडून भागत नाही, कारण बायपास कपॅसिटरमधला चार्ज गेटला धरून ठेवतो.

इतकं करूनही अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण बंद होईना. बायस शून्य, तरी ड्रेन करंट ०.८ अँपिअर. कारण उघड होतं, पण मला दोन रात्री लागल्या : ड्राइव्ह, म्हणजे एक्सायटरचा सिग्नल, चालूच होता. बायस नसला तरी ड्राइव्हची शिखरं गेटला थ्रेशोल्डच्या वर नेत होती आणि जोडी क्लास-सी मध्ये, म्हणजे फक्त शिखरांपुरती, चालत होती. आता तोच लॅच एक्सायटरच्या टीएक्स सप्लायमधला पी-चॅनल मॉसफेटही बंद करतो. लोड सुटल्यापासून सगळं शांत होईपर्यंत आता ४० ते ५० मायक्रोसेकंद लागतात. अ‍ॅम्प्लिफायर वगळणारा बायपास रिले शेवटी हलतो, आरएफ थांबल्यावरच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका साध्या प्रयोगाने. १ किलोओहम, २ वॅटचे २० रेझिस्टर पॅरलल जोडून ५० ओहमचा गठ्ठा होतो. असे दोन केले. सिरीजमध्ये १०० ओहम, पॅरललमध्ये २५. दोन्हींचा एसडब्ल्यूआर २, दोन्हींत ११ टक्के पॉवर परत. सप्लाय १३.८ वर ठेवून मोजलं : ५० ओहमला १.५ अँपिअर, २५ ला १.१, १०० ला २.१. मला नेमकं उलटं अपेक्षित होतं, पण मधला लो-पास फिल्टर इंपिडन्स फिरवतो. मग २५ ओहमच्या आधी आरजी-५८ कोअ‍ॅक्स केबलचा ७ मीटरचा तुकडा घातला, जो ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी होतो. करंट सरळ २.१ वर गेला. कपलरवरचा आकडा जवळजवळ तोच, मॉसफेटचे हाल मात्र वेगळे.

एका टोकाला करंट आणि उष्णता वाढते, दुसऱ्या टोकाला ड्रेनवरचं व्होल्टेज. २८ व्होल्टला ड्रेन नेहमीच ५६ पर्यंत झुलतो, आणि आयआरएफ५१० ची मर्यादा १०० आहे. आपण कोणत्या टोकाला आहोत हे कोअ‍ॅक्सच्या लांबीवर ठरतं, एसडब्ल्यूआर मीटर ते सांगत नाही. म्हणून एलएम३९३ चा दुसरा, रिकामा अर्धा भाग करंट मोजणाऱ्या एसीएस७१२ ला जोडला आणि ३.५ अँपिअरवर ट्रिप लावला. माझ्या मते परतणाऱ्या पॉवरइतकंच हेही जरुरीचं आहे. घरी बांधलेल्या संचांत ते फार कमी दिसतं, याचं वाईट वाटतं.

मध्ये आठवडाभर खोट्या ट्रिपने छळलं. पीटीटी दाबताच लॅच ट्रिप व्हायचा, कारण अँटेनाचा रिले बसायच्या आत आरएफ निघत होता. रिलेनंतर २० मिलिसेकंदांनी बायस आणि टीएक्स सप्लाय द्यायला लागल्यापासून एकदाही नाही.

अँटेनाही नव्याने बांधली. तार आता माडाला थेट बांधलेली नाही, कप्पीवरून नेऊन खाली पाण्याने भरलेला दोन लिटरचा कॅन टांगलाय. माड झुलला की कॅन वरखाली होतो. मधल्या जोडातून पावसाचं पाणी कोअ‍ॅक्समध्ये शिरलं होतं, तेही तेव्हाच कळलं. भिजलेली कोअ‍ॅक्स पॉवर खाते, त्यामुळे खोलीतल्या मीटरवर एसडब्ल्यूआर उलट चांगला दिसत होता. तो तुकडा बदलला.

पुढचं काम ट्यूनरसाठी (अँटेना जुळवून घेणाऱ्या उपकरणासाठी) रेझिस्टिव्ह ब्रिज. ५० ओहमच्या तीन भुजा, चौथी अँटेना. अँटेना शॉर्ट असो वा उघडी, अ‍ॅम्प्लिफायरला ३३ ते १०० ओहमच दिसतात, म्हणजे एसडब्ल्यूआर २ च्या वर जातच नाही. ट्यून करताना ५ वॅटच सोडणार आहे, तरी रेझिस्टर चांगल्या वॅटेजचे आणि इंडक्टन्स नसलेले हवेत. कार्बन फिल्मचे मागवलेत. ते आले की मोजमापं लिहीन. ७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा).