प्लास्केटच्या कोड्यावर चेस इंजिनं टेस्ट केली, माझा अनुभव

रोज गेम तपासायला जी इंजिनं (बुद्धिबळ खेळणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम) वापरतो ती खरंच अवघड मात शोधतात का हे मला कधीचं बघायचं होतं, म्हणून प्लास्केटचं कोडं घेतलं, म्हणजे पांढऱ्यानं खेळून जिंकायचं अशी बुद्धिबळातली एक प्रसिद्ध अवघड पोझिशन. १९८७ साली ब्रुसेल्समध्ये ब्रिटिश ग्रँडमास्टर जेम्स प्लास्केटनं हे कोडं मोठमोठ्या ग्रँडमास्टरांना घातलं होतं आणि सुटलं एकट्या माजी विश्वविजेत्या मिखाइल तालला, तेही बागेत फेरी मारून आल्यावर.

पहिली चूक अशी झाली की इंजिननं पहिली चाल घोड्याचा शह दाखवली आणि मी पास म्हणून लिहून टाकलं. पण ती सुचणं काहीच अवघड नाही हो! खरी गंमत चौथ्या चालीत आहे. डी८ ला प्याद्याचा वजीर करायचा, काळा घोडा एफ७ ला येऊन राजा-वजीर दोघांवर येणार हे माहीत असून करायचा, मग वजीर देऊन टाकायचा आणि राजा शांतपणे एफ५ ला न्यायचा. तेव्हा पांढऱ्याकडे राजा, एक उंट आणि एक प्यादं उरतं, समोर दोन घोडे, उंट आणि चार प्यादी, तरी मात आहे कारण काळा राजा एच५ ला कोंडलाय. पुढे काळ्याला प्याद्याचा वजीर करून चालत नाही, एफ३ ला उंट येऊन मात होते, म्हणून तो घोडा करतो, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या प्याद्याचाही घोडाच! किती सुंदर आहे हे. इंजिनला हे जड जातं कारण एवढे मोहरे कमी असताना शह नसलेली चाल ते फार खोल बघत नाही, छाटून टाकतं. एंडगेम टेबलबेसचाही (थोडे मोहरे उरलेल्या पोझिशनांची आधीच काढून ठेवलेली अचूक उत्तरं) उपयोग नाही, ती ७ मोहऱ्यांपर्यंत आणि इथे सुरुवातीलाच १३.

म्हणून ठरवलं की स्क्रीनवर 'इतक्या चालींत मात' असा आकडा आला तरच पास. तर दुसऱ्याच दिवशी काही सेकंदात मात! मी नाचायचा बाकी होतो, मग लक्षात आलं की आदल्या रात्री मी उत्तराच्या चाली पुढे-मागे करून बघितल्या होत्या आणि ते सगळं हॅशमध्ये (इंजिन आधी तपासलेल्या पोझिशन जिथे साठवतं त्या मेमरीत) तसंच पडलं होतं, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. सगळे आकडे फेकले. आता प्रत्येक वेळी हॅश क्लिअर, हॅशचा साइज वाढवलेला, मल्टीपीव्ही १ (म्हणजे फक्त सर्वात चांगली एकच लाइन दाखवायची), आणि थ्रेडही (एकाच वेळी समांतर चालणारी कामं) एकच, कारण जास्त थ्रेड असले की त्याच पोझिशनला दर वेळी वेगळा टाइम येतो.

असं नीट केल्यावर भराभर चाली तपासणारं इंजिन बराच वेळ रेंगाळलं, स्कोअर हलेचना, आणि मग एकदम मात दिसली, वजिराच्या बळीसकट. न्यूरल नेटवर्कवालं (शिकवलेल्या नेटवर्कवर पोझिशन जोखणारं) दुसरं इंजिन रात्रभर चालवलं, सकाळी बघतो तर मात नाहीच. मग चाली मीच एकेक खेळत गेलो, आणि राजा एफ५ ला ठेवल्यावर त्यालाही दिसली.