पोस्टजीआयएसमध्ये टेक्स्टपासून बिंदू करताना

माझ्या हाती आलेल्या टेबलमध्ये ठिकाणांसाठी एकच कॉलम होता आणि तोही टेक्स्टचा. एका ओळीत स्वल्पविरामाने जोडलेले दोन दशांश आकडे, दुसरीत अंश-मिनिटं-सेकंद, कुठे दशांशचिन्हाच्या जागीच स्वल्पविराम, तर कुठे शेवटी दक्षिणेचं अक्षर. यातून नकाशावर टाकण्याजोगे बिंदू हवे होते. हाताशी पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्याला नकाशाचं काम करू देणारी पोस्टजीआयएस ही जोड.

बिंदू करणारं फंक्शन अगदी साधं आहे. एसटी_मेकपॉइंटला दोन आकडे द्यायचे आणि एसटी_सेटएसआरआयडीने ४३२६ हा कोड लावायचा, की हे आकडे डब्ल्यूजीएस ८४ मधले, म्हणजे जीपीएसच्या पद्धतीतले आहेत हे डेटाबेसला कळतं. फक्त क्रम सांभाळायचा: आधी रेखांश, मग अक्षांश. आपल्या तोंडात अक्षांश आधी बसलेला असतो आणि बहुतेक याद्याही तशाच लिहिलेल्या असतात. उलटे दिले तरी जॉमेट्री, म्हणजे सपाट प्रतलावर मोजणाऱ्या प्रकारात काही एरर येत नाही. जिऑग्राफीत, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर मोजणाऱ्या प्रकारात, तर मर्यादेबाहेरचा आकडा परस्पर मर्यादेत आणून बसवला जातो आणि नुसती नोटीस येते. हे मला फार धोक्याचं वाटतं. म्हणून अक्षांश उणे ९० ते ९० आणि रेखांश उणे १८० ते १८० ही तपासणी मी आकड्यांवरच, बिंदू करण्याआधी लावली. दोन्ही आकडे ९० च्या आत असतील तर अदलाबदल त्यातूनही निसटते. अशा ओळी नकाशावर टाकून डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

सगळ्यात जास्त वेळ अंश-मिनिटांनी घेतला. ४८°३०′३६″ मधली चिन्हं काढून ४८.३०३६ करण्याचा मोह होतो, पण मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज केली की खरा आकडा ४८.५१ येतो. फरक सुमारे ०.२१ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण जवळजवळ २३ किलोमीटर! दक्षिण आणि पश्चिमेचं उणे चिन्हही शेवटी, पूर्ण बेरजेला लावायचं. ३३ अंश ३० मिनिटं दक्षिण म्हणजे उणे ३३.५; पण उणे ३३ मध्ये अर्धा मिळवला तर उणे ३२.५ होतात आणि बिंदू १११ किलोमीटर सरकतो.

मग अदृश्य त्रास. नॉन-ब्रेकिंग स्पेस, म्हणजे साध्या स्पेससारखीच दिसणारी पण वेगळी मोकळी जागा, कडेच्या स्पेस काढणाऱ्या ट्रिमने जात नाही. वेबवरून कॉपी केलेलं उणे चिन्ह कीबोर्डवरच्या हायफनपेक्षा वेगळं असतं, आणि अशी एक जरी ओळ असली तरी कास्ट करताना, म्हणजे टेक्स्टचा आकडा करताना, अख्खी क्वेरी बंद पडते. देवनागरी अंकांचंही तेच. ते ट्रान्सलेट फंक्शनने एका झटक्यात बदलता येतात. मी रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे अक्षरांचा साचा जुळवून, प्रत्येक ओळीचा प्रकार ठरवून तो वेगळ्या कॉलममध्ये लिहिला आणि केस (प्रकार पाहून वाट निवडणारी रचना) लावून ज्याचं त्याचं गणित दिलं. रिकाम्या ओळी नल, म्हणजे किंमतच नसलेल्या, ठेवल्या. त्यांना शून्य दिलं असतं तर त्या सगळ्या आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन पडल्या असत्या.

मूळ टेक्स्टचा कॉलम मी काढला नाही आणि कोणी काढूही नये. कुठल्याच प्रकारात न बसलेल्या ओळी त्या कॉलमसकट, जशाच्या तशा, नोंदी करणाऱ्यांकडे परत पाठवल्या.