ढबूचा पाय आणि लेंड्यांची वही

आमचा ससा ढबू माझ्याच हातातून पडला. नखे कापण्यासाठी उचलले असताना त्याने मागच्या पायांनी असा काही झटका दिला की तो थेट फरशीवर आदळला, आणि पलंगाखाली पळाला तेव्हा त्याचा मागचा डावा पाय लोंबत होता. सशाचे स्नायू दणकट पण हाडे फार हलकी असतात, स्वतःच्याच लाथेने त्याचा कणासुद्धा मोडू शकतो, म्हणून त्याला उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा बुडाखाली हवाच, हे मला दवाखान्यात गेल्यावर कळले.

एक्स-रेमध्ये गुडघ्याखालच्या हाडाला तडा दिसला. हाड सरकले नव्हते, त्यामुळे शस्त्रक्रिया टळली आणि खपाटी लावून पट्टी बांधण्यात आली. सहा आठवडे लहान पिंजऱ्यात, उड्या बंद. निघताना डॉक्टर म्हणाल्या, "पायाचे मी बघते. तुम्ही त्याच्या खाण्याकडे आणि लेंड्यांकडे लक्ष द्या." हे मी ऐकले, पण मनावर घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी कोरडी होती, पायाची बोटे उबदार होती, सूज नव्हती. मी समाधानी होते. ढबू कोपऱ्यात अंग आखडून, डोळे अर्धे मिटून बसला होता आणि बारीक करकर आवाज करत दात खात होता. विश्रांती घेतो आहे, असे मी स्वतःला समजावले. दुपारी ट्रे बदलताना लक्षात आले की आदल्या संध्याकाळपासून त्यात एकही लेंडी नाही आणि गवत जसेच्या तसे आहे.

सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते. वेदनेने खाणे थांबते, खाणे थांबले की आतडे मंदावते, वायू साचून वेदना आणखी वाढते. म्हणून बारा तासांचा उपासही त्याच्यासाठी तातडीची बाब ठरते. डॉक्टरांनी पोट तपासून आत अडथळा नसल्याची खात्री केली, कातडीखाली सलाईन दिले, वेदनाशामकाची मात्रा बदलली आणि सिरिंजने भरवण्यासाठी गवताची पूड दिली. घरात आमच्या कुत्र्याची अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाची उरलेली गोळी होती, ती द्यावी का, असे मी विचारले होते. तोंडावाटे दिलेले ते औषध सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकते, हे ऐकून मी गप्प झाले.

भरवणे हे खरे काम. ढबूला टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवायचे, पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तेथून बाजूने सिरिंजचे टोक सरकवायचे, अर्धा मिलिलिटर सोडायचा आणि तो चावून गिळेपर्यंत थांबायचे. उताणे धरले तर घास श्वासनलिकेत जातो. पहिल्या संध्याकाळी हिरवा लगदा त्याच्या पोटात कमी आणि माझ्या बाह्यांवर जास्त गेला. दर चार तासांनी गजर लावून मी वहीत वेळ, मात्रा आणि लेंड्या लिहू लागले. तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रेमध्ये सात लेंड्या दिसल्या: बारीक, कडक, केसांत गुंफलेल्या. मी नवऱ्याला उठवून दाखवल्या. त्याला माझा आनंद फारसा कळला नाही.

पट्टी कुरतडू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर बांधायला मात्र डॉक्टरांनी नकार दिला, कारण ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो आणि त्या त्याला हव्याच असतात. पट्टीमुळे ढबूला नीट वाकता येत नसे, तेव्हा पडलेल्या मऊ लेंड्या मी हातात घेऊन त्याच्या तोंडाशी धरत असे. लघवीने पोटाखालचे केस भिजत, त्यावर माश्या बसू नयेत म्हणून ते रोज दोनदा पुसून कोरडे करावे लागत. पट्टी त्याने एकदा कुरतडलीच. ती नव्याने बांधून आणावी लागली.

सहा आठवड्यांनी पट्टी निघाली. पाय बारीक झाला होता आणि किंचित बाहेर वळलेला होता, पण ढबू त्यावर भार टाकत होता. नखे राहूनच गेली होती. ती त्या दिवशी डॉक्टरांनी कापली, ढबूला जमिनीवर बसवून.