पोरानं आपलं नाव घेतलं

टेबलावर पाच-सहा टोप्या मांडलेल्या असतात, प्रत्येक टोपी वेगळ्या कॉलेजची. मागे आई-वडील, आजी, शाळेचा कोच, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. मध्ये साडेसहा फुटांचं एक पोर, अजून धड मिसरूड न फुटलेलं. शाळेत बास्केटबॉल गाजवलेलं हे पोर आता कुठल्या कॉलेजकडून खेळणार, ते जाहीर करणार असतं. ते एका टोपीकडे हात नेतं, मागे घेतं, दुसरीवरून नुसताच फिरवतं. जिममधली पोरंपोरी किंचाळतात. शेवटी ते एक टोपी उचलून डोक्यावर ठेवतं, आणि तिथून शेकडो मैलांवर पन्नाशीची बाप्ये माणसं सोफ्यावरून उठून नाचायला लागतात. या पोराला त्यांनी जन्मात समोरून पाहिलेलं नसतं.

त्यांपैकी एक बाप्या आमच्या घरात राहतो.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी नावाच्या गावात. इथून अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत डरहॅमचं ड्यूक, चॅपेल हिलचं नॉर्थ कॅरोलायना (इथे नुसतं ‘कॅरोलायना’) आणि एनसी स्टेट अशी तीन विद्यापीठं आहेत आणि कॉलेजचं बास्केटबॉल हा इथला धर्म आहे. ड्यूक आणि कॅरोलायना यांच्यात अंतर पंधरा-सोळा किलोमीटरचं, वैर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचं. माझ्या नवऱ्याची डिग्री सांगलीच्या वालचंदची. ड्यूकशी त्याचा संबंध एवढाच की अमेरिकेत आल्यावर भाड्याची पहिली जागा डरहॅममध्ये मिळाली. ती चॅपेल हिलला मिळाली असती, तर आज आमच्या दारात कॅरोलायनाचा फिक्या निळ्या रंगाचा झेंडा असता आणि त्याच्या मुठी तितक्याच त्वेषानं वळल्या असत्या. शेजारचे निवृत्त आजोबा कॅरोलायनाचे. ते ड्यूकला ‘न्यू जर्सीचं विद्यापीठ’ म्हणतात, कारण त्यांच्या मते तिथे या राज्यातलं कोणी शिकतच नाही. सांगलीच्या माणसाबद्दल त्यांनी अजून मत दिलेलं नाही.

३० ऑक्टोबर २०२३ ला कूपर फ्लॅग नावाच्या मुलानं ड्यूकला होकार दिला. तेव्हा माझी आई आमच्याकडे होती आणि स्वयंपाकघरात चिवड्याचे पोहे भाजत होती. बाहेर आरडाओरडा ऐकून ती झारा हातात घेऊनच आली.

“अहो, झालं काय?”

“आई, कूपर आला!”

आईनं दाराकडे पाहिलं. मग मी समजावलं की एक मुलगा पुढच्या वर्षी ड्यूकमध्ये शिकायला येणार आहे.

“नात्यातला आहे का कुणाच्या?”

“नाही.”

“बरं. किती टक्के पडले?”

आईचं बरोबरच होतं. आपल्याकडे पोरानं कॉलेजमागे धावायचं असतं. याद्या, फेऱ्या, कटऑफ, कुणाची तरी ओळख. आणि इथे कॉलेजं पोरामागे धावतात. लाखो डॉलर पगाराचे कोच दहावी-अकरावीतल्या मुलाच्या शाळेच्या जिममध्ये लाकडी बाकावर अवघडून बसतात, त्यानं आपल्याला बघावं म्हणून. फ्लॅग मेन राज्यातल्या न्यूपोर्टचा. गावाची वस्ती तीन हजारांच्या आसपास. २०२२ मध्ये तो, त्याचा जुळा भाऊ एस आणि मोठा भाऊ हंटर यांनी मिळून गावच्या नोकोमिस शाळेला राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलं आणि मग कूपरला सगळ्या देशानं हेरलं. होकार दिला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. शेवटच्या यादीत ड्यूक आणि कनेक्टिकट होते, आणि कनेक्टिकट तर त्याच वर्षीचे राष्ट्रीय विजेते.

होकाराच्या आधीचे आठवडे खरे बघण्यासारखे. चाहते शेरलॉक होतात. मुलानं इन्स्टाग्रामवर कुणाला फॉलो केलं, कुणाला सोडलं, फोटोखाली निळं हृदय टाकलं की पांढरं. कोचचं विमान कुठे उतरलं हे बघायला नकाशावर विमानांचे ठिपके शोधतात. मुलगा कॉलेज बघायला आला की ड्यूकच्या कॅमेरॉन इनडोअरमधले विद्यार्थी त्याच्या नावाचा गजर करतात. नऊ हजारांवर माणसांनी भरलेलं १९४० सालचं ते छोटं, दमट स्टेडियम. तिथे बाकावर बसलेलं पोर कानापर्यंत लाल होतं. चाहत्यांनी खेळाडूला आमिष दाखवू नये म्हणून नियम आहेत. त्यामुळे ‘मुलांना मेसेज पाठवू नका’ अशी विनवणी कॉलेजंच करत असतात. तरीही पाठवतात. पस्तीस वर्षांचा माणूस रात्री जागून एका शाळकरी मुलाला लिहितो, ‘आमच्याकडे ये, तुला इथे फार प्रेम मिळेल.’ हे मी आमच्या घरात होऊ दिलेलं नाही. एवढं एक ऐकलं गेलं आहे.

आणि गंमत म्हणजे हा तोंडी होकार कुणालाच बांधून ठेवत नाही. एप्रिल २०२२ मध्ये जी. जी. जॅक्सन नावाच्या खेळाडूनं कॅरोलायनाला हो म्हटलं, तेव्हा शेजारचे आजोबा आठवडाभर शीळ घालत लॉन कापत होते. जुलैत त्यानं शब्द फिरवला आणि तो आपल्या घरच्या राज्यातल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाला गेला. त्या आठवड्यात गवत वाढलं. नवऱ्यानं मुद्दाम कुंपणाशी जाऊन हवापाण्याची चौकशी केली. माणसं दुष्ट असतात.

बरं, शब्द पाळला तरी पोर राहतं किती दिवस? एनबीएनं, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगनं, २००६ पासून नियम केला की अमेरिकन मुलाला शाळेतून थेट घ्यायचं नाही, वय एकोणीस हवं आणि शाळा सुटून एक वर्ष व्हायला हवं. म्हणून हे अव्वल खेळाडू कॉलेजात एक वर्ष काढतात आणि जातात. नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात, पाच महिन्यांचा संसार. त्याची वाट दोन-दोन वर्षं बघायची. हिशेबाला बसलं तर हा सौदा बुडीतच.

निकालांचं म्हणाल तर तिथेही फार बोलू नये. २० जानेवारी २०१८ ला झायन विल्यमसननं साउथ कॅरोलायनातल्या आपल्या शाळेत ड्यूकची टोपी उचलली. त्या वर्षीचे देशातले पहिले तीन खेळाडू आता एकाच संघात येणार होते. नवऱ्यानं त्याच रात्री २०१९ चा राष्ट्रीय करंडक डरहॅमला आणून ठेवला. प्रत्यक्षात उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर मिशिगन स्टेटनं एका गुणानं हरवलं, ६८-६७. त्याआधी २०१२ मध्ये नर्लन्स नोएल नावाचा खेळाडू होकार सांगायला टीव्हीवर कॅमेऱ्याला पाठ करून बसला, तर डोक्याच्या मागच्या बाजूला केस कापून ‘यूके’ ही केंटकी विद्यापीठाची अक्षरं कोरलेली. केंटकी तेव्हा गतविजेते. पुढच्या फेब्रुवारीत बिचाऱ्याचा गुडघा गेला आणि केंटकीला मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत जागासुद्धा मिळाली नाही. दुय्यम स्पर्धेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या छोट्या कॉलेजनं त्यांना पहिल्याच सामन्यात घरी पाठवलं. हेही सांगायला हवं की त्याच केंटकीत अँथनी डेव्हिस आला, एकच वर्ष राहिला आणि २०१२ चा करंडक देऊन गेला. लॉटरी कुणाला तरी लागतेच. त्याशिवाय बाकीचे तिकिटं काढतील कशाला?

मग हे नाचणं नेमकं कशाचं?

मला वाटतं, चाहत्याचं प्रेम जन्मभर एकतर्फी असतं. तो संघ निवडतो, रंग निवडतो, टीव्हीपुढे उपाशी बसतो, हरल्यावर जेवत नाही, आणि संघाला त्याचं अस्तित्वही ठाऊक नसतं. सामना जिंकला तरी तो खेळाडू जिंकतात. याचं त्यात काय? पण होकाराच्या दिवशी उलटं होतं. जगातली सगळी दारं ज्याच्यासाठी उघडी आहेत अशा एका पोरानं सगळीकडे बघितलं आणि आपलं नाव घेतलं. म्हणजे इतकी वर्षं आपण जे निवडलं ते बरोबर होतं, असा दाखला मिळाला. नवऱ्याच्या दृष्टीनं कूपरनं ड्यूकला नव्हे, डरहॅममधल्या त्या गळक्या नळाच्या भाड्याच्या खोलीलाच होकार दिला होता.

आयपीएलच्या लिलावात हे सुख नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर एक कोटी दहा लाखांची बोली लागली आणि राजस्थाननं त्याला घेतलं. जयपूरकरांना आनंद झाला असेल, पण पोरानं जयपूर मागितलं नव्हतं. ज्याची बोली मोठी, त्याचा तो. पोरानं आपलं म्हणणं हे वेगळं आणि आपण पोर विकत घेणं हे वेगळं.

आता अर्थात इथेही पैसा आला आहे. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते. १० डिसेंबर २०२४ ला मॅसॅच्युसेट्सच्या ए. जे. डिबांट्सानं टीव्हीवर ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचं नाव घेतलं, तेव्हा यामागे काही दशलक्ष डॉलर आहेत अशा बातम्या आल्याच. हे युटातलं मॉर्मन पंथाचं विद्यापीठ. तिथे दारूच काय, चहा-कॉफीवरसुद्धा बंदी आणि मुलांनी दाढी ठेवायची नाही. मी तर चहाच्या कलमाशीच नकार कळवला असता. तोवर हे कॉलेज एकदाही राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत पोचलेलं नव्हतं आणि आता देशातला पहिल्या क्रमांकाचा मुलगा केन्सस, अलाबामा, कॅरोलायना यांना बाजूला सारून तिकडे निघाला. बाकी देश म्हणाला, पैसा. ज्यांना मुलगा मिळाला ते म्हणाले, आमचे संस्कार. मुलगा आपल्याकडे आला की तो संस्कार बघून येतो, दुसरीकडे गेला की पैसे बघून जातो. आमच्या घरातही हाच कायदा आहे.

नकार मिळालेल्यांचा तर वेगळाच अभ्यास व्हावा. रात्री आठपर्यंत ज्याच्यासारखा खेळाडू पिढीत एकदा होतो, तो आठ वाजून पाच मिनिटांनी ‘ओव्हररेटेड’ होतो. बचाव कच्चा, डावा हात नाही, घरचे नको तितके लक्ष घालतात. आपल्याला तसाही तो नकोच होता, आपल्या पद्धतीत तो बसला नसता. कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागायलाही थोडा वेळ लागत असेल, इथे तेवढाही लागत नाही. पण कधीकधी कोल्ह्याचंच खरं ठरतं. फ्लॅगनं नाकारलेल्या कनेक्टिकटनं त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, एप्रिल २०२४ मध्ये, सलग दुसऱ्यांदा करंडक उचलला.

फ्लॅगचं वर्ष आलं ते मात्र खरंच देखणं होतं. ड्यूक ३५ सामने जिंकले, चार हरले. पोर बचावात असं खेळायचं की बास्केटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी मीसुद्धा स्वयंपाकघरातून येऊन उभी राहायचे. चौथी हार सॅन अँटोनियोत, उपांत्य सामन्यात ह्यूस्टनकडून. शेवटच्या मिनिटात सहा गुणांची आघाडी होती आणि ७०-६७ असा सामना गेला. एका गुणानं मागे असताना शेवटच्या काही सेकंदांत फ्लॅगनं जवळून मारलेला बॉल रिंगला लागून बाहेर पडला. अठरा वर्षांच्या मुलाचा तो चेहरा पाहून मला माझा नवरा दिसेना, ते पोरच दिसलं. त्याची आई तिथेच कुठेतरी बसली असणार. जून २०२५ मध्ये तो एनबीएच्या निवडीत पहिल्या क्रमांकानं डॅलसच्या संघात गेला. करंडक नेला फ्लोरिडा विद्यापीठानं. त्यांचा म्होरक्या वॉल्टर क्लेटन आयोना नावाच्या छोट्या कॉलेजातून बदली घेऊन आलेला. त्याच्या जोडीचे दोन्ही गार्डही (म्हणजे चेंडू खेळवत नेणारे) असेच लहान ठिकाणांहून आलेले. त्यांनी शाळा संपताना कॉलेज निवडलं तेव्हा देशात कुठे सोफे हलले नव्हते.

आता जुळ्या भावाचं सांगायचं राहिलं. कूपर ड्यूकमध्ये खेळत होता तेव्हा एस आमच्यापासून जवळच, ग्रीन्सबरोच्या शाळेत बारावी करत होता. त्यानंही रीतसर होकार दिला, आपल्या राज्यातल्या मेन विद्यापीठाला. त्यांची आई (तिचं नाव ‘केली’) तिथेच मुलींच्या संघात खेळायची. १९९९ मध्ये त्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धेत स्टॅनफर्डला हरवलं होतं. पुरुषांचा संघ मात्र त्या स्पर्धेत कधी पोचलेलाच नाही. थंडीत हात चोळत तो संघ बघायला जाणाऱ्या लोकांना केवढं वाटलं असेल! त्यात हा पोरगा पाच महिन्यांत एनबीएला पळणारा नाही, चांगला तीन-चार वर्षं राहील, गावात दिसेल, दुकानात भेटेल. मला हा होकार फार आवडला आणि मी कौतुकानं नवऱ्याला ऐकवला.

त्यानं फोनमधून मान वर केली. “उंची किती आहे त्याची?”

“सहा फूट सात इंच असेल.”

“बरा आहे,” तो म्हणाला. “दोन वर्षं तिकडे तयार होऊ दे. मग बदली घेऊन येईल का आपल्याकडे?”