ऑनलाइन बेसबॉल: आधी बॉल सोडायला शिका

कोकणातली पोरं ऑनलाइन बेसबॉल खेळायला बसली की सुरुवातीला एकच चूक करतात, येईल त्या बॉलला बॅट घालतात. अंडरआर्म आणि टेनिस बॉलच्या चार-सहा ओव्हरच्या सामन्यांत वाढलेल्या हातांना तीच सवय असते. तिथे सोडलेला बॉल म्हणजे फुकट घालवलेला बॉल. इथे मात्र स्ट्राइक झोनबाहेरचे (प्लेटच्या वर, बॅटरच्या साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीबाहेरचे) चार बॉल सोडलेत की पहिला बेस चालत मिळतो, आणि समोरच्या पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्याची, दमछाक होते ती वेगळीच. दमलेल्या पिचरचे बॉल मधोमध पडू लागतात. ‘एमएलबी द शो’ या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये वर चढायचं असेल तर सगळ्यात आधी हे सोडणं शिका.

सोडायचं कसं, तर काउंट बघून. काउंटमध्ये आधीचा आकडा बॉलचा, म्हणजे झोनबाहेरच्या सोडलेल्या फेकींचा, नंतरचा स्ट्राइकचा, म्हणजे झोनमधल्या सोडलेल्या किंवा बॅट फिरवून हुकलेल्या फेकींचा; तीन स्ट्राइक झाले की आउट. २-० किंवा ३-१ असेल तर पिचरला झोनमध्ये यावंच लागतं. अशा वेळी झोनचा एकच भाग मनात धरा, समजा आतला वरचा कोपरा. तिथे फास्टबॉल आला तरच फिरवा, बाकी स्ट्राइक असला तरी जाऊ द्या. ०-२ झाला की चित्र उलटतं. आता समोरचा बहुतेक वेळा तुम्हाला फसवायला स्लायडर खाली आणि बाहेर टाकणार. तो सुटतो फास्टबॉलसारखा आणि प्लेटजवळ येऊन वळतो. खाली दिसला की हात आवरायचा.

बॉल ओळखायला नजर बदलावी लागते. क्रिकेटमध्ये आपण टप्पा बघून ठरवतो, इथे टप्पाच नाही. बघायचा तो पिचरचा हात, बॉल सुटतो ती जागा. कर्व्हबॉल सुटताना किंचित वर उसळल्यासारखा वाटतो, फास्टबॉल सरळ रेषेत येतो. चेंजअप सगळ्यात कपटी, कारण हाताची फेक फास्टबॉलचीच, वेग मात्र साधारण १५ किलोमीटरनं कमी. म्हणून कायम फास्टबॉलसाठी तयार राहायचं आणि हळू आला तर थांबायचं. उलटं जमत नाही. हळू बॉलची वाट बघत बसलात तर फास्टबॉल कॅचरच्या (मागे बसलेल्या विकेटकीपरसारख्या खेळाडूच्या) ग्लोव्हजमध्ये गेलेला असतो.

गेमच्या सेटिंगमध्ये बॅटिंगची पद्धत ‘झोन’च ठेवा. डाव्या स्टिकनं पीसीआयचं, म्हणजे बॅट कुठे लागेल ते दाखवणारं, वर्तुळ बॉलवर न्यायचं आणि बटण दाबायचं. सुरुवातीला फार चुकतं, पण बाकीच्या पद्धतींत निकाल तुमच्या हातापेक्षा खेळाडूच्या आकड्यांवर जास्त अवलंबून राहतो. स्टिक जोरात ढकलू नका. मधोमधपासून थोडीशीच हलवायची असते, आणि नवखा नेमका कोपऱ्यात नेऊन आपटतो. पॉवर स्विंग, म्हणजे जोरकस फटका, ३-१ सारख्या काउंटसाठी राखून ठेवा, त्यात चुकायला जागा कमी असते.

आता वेळेचा हिशेब. पिचरच्या पायाखालची पट्टी ते होम प्लेट हे अंतर १८.४४ मीटर. ताशी १५३ किलोमीटरचा बॉल हातातून सुटून प्लेटवर यायला जेमतेम ०.४ सेकंद घेतो. टीव्ही गेम मोडवर नसेल आणि चित्र ६० मिलिसेकंद उशिरा दाखवत असेल, तर तेवढ्यात बॉल अडीच मीटर पुढे आलेला असतो. म्हणून पहिलं काम टीव्हीचा गेम मोड लावणं. मग प्रॅक्टिसमध्ये फक्त फास्टबॉल टाकणारा पिचर घेऊन पन्नास बॉल खेळा. प्रत्येक स्विंगनंतर गेम ‘अर्ली’ की ‘लेट’ ते सांगतोच. जवळजवळ सगळे लेट असतील तर आधी टीव्ही तपासा. काही अर्ली, काही लेट असतील तर दोष हाताचा आहे, सराव वाढवा. प्रॅक्टिस इथे ठीक आणि ऑनलाइन गेल्यावर बॉल मधेच अडखळतो असं असेल, तर नेटकडे वळा.

नेटच्या बाबतीत आपल्याकडची घरं आड येतात. राउटर माजघरात, टीव्ही पडवीत आणि मधे जांभ्या चिऱ्याची जाड भिंत. ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय त्या भिंतीत अर्धमेलं होतं, २.४ चं पोचतं पण त्यात खेच-ओढ फार. सरळ राउटरपासून कन्सोलपर्यंत नेटची कॅट-६ केबल ओढा. मालवण, वेंगुर्ल्यासारख्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेनं केबलच्या टोकाचे धातूचे दात हिरवे पडतात आणि कनेक्शन येत-जात राहतं. पावसाळा संपला की दोन्ही टोकं काढून बघा, हिरवी दिसली तर नवं टोक क्रिंप करून घ्या. अमेरिकेतल्या खेळाडूशी गाठ पडली तर पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) २०० च्या वर जाणारच, त्याला इलाज नाही. पण ते २२० वर स्थिर असेल तर डोळा जुळवून घेतो. १२० आणि ३०० च्या मधे नाचणाऱ्या पिंगशी कुणाचाच डोळा जुळत नाही.

विजेचंही बघा. रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्यात मधेच कनेक्शन तुटलं तर ती हार धरली जाते. घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू असेल तर लाइट जाताना कन्सोल बंद पडत नाही. मात्र गावात व्होल्टेज पडलेलं असेल तर याच मोडमध्ये इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो आणि बॅटरी उतरते, म्हणून खेळून झालं की बटण परत फिरवा. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालू राहतील असा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस वेगळा ठेवलेला बरा. आणि विजा कडाडायला लागल्या की प्लगच काढायचा, सामना गेला तरी चालेल.

पिचिंगला ‘पिनपॉइंट’ शिका. ही पद्धत २०२१ च्या आवृत्तीत आली. उजव्या स्टिकनं प्रत्येक बॉलची आकृती गिरवायची, आणि आकृती, वेग व शेवटचा कोन तिन्ही नीट जमले तर बॉल सांगाल तिथे पडतो. पाच प्रकार एकदम शिकू नका. फास्टबॉल आणि चेंजअप, दोनच घ्या, आकृत्या हातात बसेपर्यंत. फास्टबॉल वर, त्याच रेषेत पुढचा चेंजअप खाली. समोरचाही घाईचाच असतो, हे विसरू नका. त्याला पहिल्या दोन-तीन डावांत झोनबाहेरचा एक-एक बॉल दाखवून बघा, बॅट घालतोय असं दिसलं की त्याला स्ट्राइक द्यायची गरजच उरत नाही.

फील्डिंगचं एकच लक्षात ठेवा. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरची चार बटणं म्हणजेच मैदान: उजवीकडचं वर्तुळ पहिला बेस, वरचा त्रिकोण दुसरा, डावीकडचा चौकोन तिसरा, खालची फुली होम. बॉल हातात यायच्या आधीच कुठे फेकायचा ते ठरवा.