आमची वाटचाल : ज्याची सायकल त्याच्या हाती

आमची सुरुवात दुरुस्तीने झाली. पंक्चर, ब्रेक शू, चेन बदलणं, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणं. हात बसला, लोकांचा विश्वास बसला आणि पुढे आम्ही जुन्या सायकली घेऊन, पूर्ण ओव्हरहॉल करून विकायला लागलो. धंदा वाढला तो इथेच. कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, हेही इथेच ठरवावं लागलं.

जुनी सायकल कोणाची, हे विचारलं नाही तर नफा जास्त सुटतो, कारण चोरीची सायकल स्वस्तात येते. विकणाऱ्याला घाई असते. सीट त्याच्या उंचीला बसत नाही, गिअर कसे टाकायचे ते सांगता येत नाही, कुलपाची चावी घरी राहिलेली असते. अर्थात घरातल्या दुसऱ्या कोणाची सायकल विकायला आलेला प्रामाणिक माणूसही असाच गोंधळतो. म्हणून आम्ही संशय बोलून दाखवत नाही. जुनी पावती किंवा सायकलसोबतचा एखादा जुना फोटो मागतो, सायकल उलटी करून नंबर वाचतो आणि मगच भावाचं बोलतो.

फ्रेम नंबर बहुधा दोन्ही पायडल जोडणाऱ्या एक्सलखाली, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) नळीवर ठोकलेला असतो. काही कंपन्या तो सीटच्या किंवा हँडलच्या नळीवर देतात. चोर सीट, हँडल, चाकं बदलतो, रंगही मारतो. फ्रेम मात्र तीच राहते. नंबर घासलेला दिसला की भाव कितीही उतरला तरी ती सायकल आमच्याकडे येत नाही. कार्बन फ्रेमवर नंबर ठोकता येत नाही, बहुतेक वेळा स्टिकर असतो, त्यामुळे तिथे जास्त जपावं लागतं. शिवाय दोन कंपन्यांचे नंबर सारखे निघू शकतात. नुसत्या नंबरवरून कोणाला चोर ठरवू नये. मेक, मॉडेल, साइज, जुने ओरखडे, सगळं जुळायला हवं.

विकलेल्या आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सायकलचा नंबर आम्ही पावतीवर लिहितो आणि ग्राहकाला तिथल्या तिथे त्याचा फोटो काढायला लावतो. काहींना हा त्रास वाटतो, तरी आम्ही आग्रह सोडत नाही. सायकल गेल्यावर बरेच जण रंगापलीकडे काही सांगू शकत नाहीत. मग पोलिसांना सायकल सापडते, पण मालक सापडत नाही. आवारात गंजत पडलेली ती चांगली सायकल शेवटी लिलावात जाते. कोणीतरी रोज वापरलेली वस्तू केवळ एक आकडा लिहून ठेवला नाही म्हणून परकी व्हावी, हे मला आजही सहन होत नाही. 'आता काय मिळणार' म्हणून तक्रार न देणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

एकदा एक मुलगा सर्व्हिसिंगला सायकल घेऊन आला आणि तिचा नंबर आमच्याकडच्या, चोरीला गेलेल्या सायकलींच्या नोंदीत निघाला. त्याने ती ओळखीतून, पूर्ण पैसे मोजून घेतली होती. चोरीची वस्तू नकळत विकत घेतली तरी सहसा मालकी मूळ मालकाचीच राहते, हे त्याला समजावणं फार जड गेलं. आम्ही त्याला बसवून सगळं सांगितलं, त्याच्यासोबत पोलिसांकडे गेलो, आणि कोणाकडून घेतली ते त्याने स्वतःहून लिहून दिलं. कागदपत्रं पूर्ण झाल्यावर सायकल मूळ मालकिणीला मिळाली. मुलगा मात्र पैसे आणि सायकल दोन्हीला मुकला होता. त्याला आम्ही आमची एक तयार सायकल खर्चाच्या भावात दिली. पैसे जमतील तसे दे म्हटलं. त्या दिवशी जे धैर्य त्याने दाखवलं, ते मोठी माणसंही दाखवत नाहीत.

कामावरच्या मुलांना एक सूचना पक्की आहे : संशय आला तरी कोणाला अडवायचं नाही, हमरीतुमरीवर यायचं नाही. नंबर टिपायचा, पोलिसांना कळवायचं. सीटखाली लपवलेला ट्रॅकर सायकलचा ठावठिकाणा दाखवत असेल, तरी ग्राहकाला आम्ही तिथे एकटं जाऊ देत नाही.

आता चोरीची खबर आली की नंबर आणि फोटो ओळखीच्या सगळ्या मेकॅनिकना जातात. धंद्यात स्पर्धा आहे, पण या कामात कोणी मागे राहत नाही. परत मिळालेल्या सायकलची पहिली सर्व्हिसिंग आमच्याकडे मोफत असते. ओढाताणीत बऱ्याचदा मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलेला असतो, तो सरळ करून, गिअर लावून, ब्रेक तपासून मगच सायकल मालकाच्या ताब्यात देतो.