जमीन गोठली पाहिजे

लहानपणी एप्रिल-मे आला की बाबांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "जमीन तापली पाहिजे." रब्बीचं पीक निघालं की नांगरट करून रान उघडं टाकायचं, ढेकळं उन्हात भाजू द्यायची. इंग्लंडमधल्या लीड्सला आल्यावर तेच काम इथे थंडी करते, हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

इथे भाजीपाला पिकवायला अलॉटमेंट, म्हणजे भाड्याने जमिनीचा छोटा तुकडा, मिळते. जुन्या मापाचा पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, म्हणजे अडीच गुंठ्यांचा. माझ्याकडे त्याचा अर्धा, सव्वा गुंठा आहे. माती चिकण आणि जड. शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा पहिल्याच वर्षी म्हणाले होते, नोव्हेंबरात खणून मोठी ढेकळं तशीच राहू दे, फोडू नकोस. मातीतलं पाणी गोठताना फुगतं, वितळलं की ढेकळाला भेगा जातात, आणि असं होता होता ढेकूळ आपोआप भुसभुशीत होतं.

लसणाने मात्र मला चांगलाच धडा दिला. पहिल्या वर्षी मी तो मार्चमध्ये लावला. जुलैत उपटला तर नुसते गोल गोळे, एकाही गड्ड्यात कुड्या नाहीत! लसणाला कुड्या धरायला काही आठवडे थंडी लागते. आता नोव्हेंबरातच लावते. परवा गेले तेव्हा बोटभर कोंब वर आले होते आणि पात्यांच्या कडेला दहिवर गोठून मिठासारखं बसलं होतं. मला वाटलं, गेले सगळे. दुपारी ऊन आल्यावर पाहिलं तर कोंब तसेच ताठ आणि हिरवेगार.

थंडीने गोड होतो तो पार्सनिप. पांढऱ्या गाजरासारखा दिसतो, पण वास अगदी वेगळा. कडाक्याचं दहिवर पडलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते, म्हणून जाणती माणसं तो ख्रिसमसच्या आधी फारसा उपटत नाहीत. जमीन दगड झालेली असली की दातेरी फावडं जातच नाही, मग आदल्या दिवशीच पेंढा पसरून ठेवावा लागतो. मी त्याची मोहरी-हिंगाची फोडणी देऊन परतून भाजी करते, गूळ घालावा लागत नाही.

रुबार्ब, म्हणजे आंबट देठांसाठी लावतात ते झाड, त्याचं तर विचारूच नका. लीड्सच्या दक्षिणेला वेकफील्ड, मॉर्ले आणि रॉथवेल या गावांमधला पट्टा त्यासाठीच ओळखला जातो. रोप आधी उघड्या शेतात वाढवतात, थंडी नीट खाऊ देतात आणि मग मुळांसकट अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये नेतात. तिथे मेणबत्तीच्या उजेडात गुलाबी देठ काढतात. या रुबार्बला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी आपली अंधार करायला बागेतल्या गड्ड्यावर बादली पालथी घालते. देठ अंबाडीसारखे आंबट, चटणीला झकास. पानं मात्र विषारी, ती थेट कंपोस्टात.

बाकी कामं बारीकसारीक. कबुतरं केल ही पालेभाजी ओरबाडतात म्हणून जाळी पुन्हा ताणायची. जानेवारीअखेरीस बियाण्याचे बटाटे अंड्यांच्या खोक्यात डोळे वर करून खिडकीत मांडायचे. मिरचीचं बी घरातच, हीटरजवळ पेरायचं. सगळ्यात जपायचं ते मातीला. गोठलेली माती वितळून चिखल झाला की वाफ्यात पाय टाकायचा नाही, माती दाबली जाते आणि मग मुळांना हवा मिळत नाही. मी फळी टाकून तिच्यावरच उभी राहते.

साडेतीनलाच अंधारायला लागतं. त्याआधी रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि नोव्हेंबरातलं एक ढेकूळ उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं. मूठ दाबली तसं ते चुरून बोटांतून खाली गळलं. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"मे महिन्यातली आपली जमीन अशीच फुटते," ते म्हणाले. मग लगेच, "शेणखत घातलंस का?"

"चार ढकलगाड्या घातल्या, बाबा."

"अजून दोन घाल."

येत्या शनिवारी घालणार आहे.